इंग्लंडच्या गावात बिऱ्हाड मांडताना: सफोकमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

कुणाला बरी सेंट एडमंड्स (थोडक्यात 'बरी') ह्या शहरातल्या वेस्ट सफोक हॉस्पिटलात नोकरी लागते, कुणाचं ऑफिस केंब्रिजला असतं पण तिथलं घरभाडं झेपत नाही, कुणाला मुलांसाठी मोकळी जागा हवी असते. कारण काहीही असो, आपली माणसं आता इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यातल्या ह्या खेड्यांत येऊ लागली आहेत. लंडनला किंवा लेस्टरला उतरलात तर गल्लीत कुणीतरी आपलं भेटतं, कोपऱ्यावर कोथिंबीर मिळते. इथे चर्च, पब, शाळा, एखादं दुकान आणि चहूबाजूंनी शेतं. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

अशा गावात नीट राहायचं तर दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. लागणाऱ्या वस्तू संपायच्या आधी भरून ठेवायच्या, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी दिसत राहायचं. पहिली सवय लागली नाही तर थंडी त्रास देते, दुसरी लागली नाही तर एकटेपणा. खालच्या पायऱ्या मी साधारण ज्या क्रमाने गरज पडते त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी 1: घराआधी गाव बघा

भाड्याच्या साइटवर फोटो सगळेच सुंदर असतात. गुलाबी रंगाच्या भिंती, गवताचं छप्पर, दाराशी गुलाब. त्याआधी नकाशा उघडा आणि रेल्वे बघा. इप्सविच-केंब्रिज मार्गावर थर्स्टन आणि एल्म्सवेल ह्या गावांना स्टेशन आहे. एल्म्सवेलच्या अगदी शेजारच्या वूलपिटला नाही. लॅव्हनम पर्यटकांचं लाडकं, पण तिथली रेल्वे कधीच बंद झाली. घरात एकच गाडी असेल आणि ती सकाळी एकजण घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याने दिवसभर काय करायचं हा प्रश्न घर ठरवण्याआधीच सोडवायला हवा. मी तर म्हणेन, पहिलं वर्ष स्टेशनच्या गावातच काढा, भलेही घर थोडं लहान मिळो.

बसचं वेळापत्रक कामाच्या दिवसांचं, शनिवारचं आणि रविवारचं वेगवेगळं तपासा. पुष्कळ गावांत संध्याकाळी लवकर शेवटची बस जाते आणि रविवारी बसच नसते. काही भागांत आधी फोन करून बोलवायची छोटी बस असते, तिची चौकशी काउन्टी कौन्सिलकडे, म्हणजे परगण्याच्या स्थानिक प्रशासनाकडे, करता येते.

शक्य असेल तर गाव दोनदा बघा: एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी आणि एकदा कामाच्या दिवशी अंधार पडल्यावर. दुसऱ्या फेरीत कळतं की रस्त्यावर दिवे आहेत का, पदपथ आहे का, मोबाइलला रेंज येते का.

पायरी 2: घर बघताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: घर गरम कशावर होतं? ह्या भागातल्या कित्येक गावांत गॅसची पाइपलाइन पोचलेलीच नाही. मागच्या अंगणात हिरवी प्लास्टिकची मोठी टाकी दिसली तर समजा की बॉयलर केरोसीनवर चालतो. हे तेल टँकरने येतं आणि एका खेपेला बहुधा कमीत कमी 500 लिटर घ्यावं लागतं, म्हणजे एका वेळी मोठी रक्कम हातात हवी. महिन्याच्या हिशेबात ही रक्कम बाजूला टाकत जा.

टाकीत किती तेल आहे ते बघायची पद्धत घरमालकाकडून समजून घ्या. कुठे काटा असतो, कुठे पारदर्शक नळी, तर कुठे लांब काठी बुडवून ओला भाग मोजावा लागतो. टाकी पाव राहिली की मागवा. अगदी तळाला जाऊ दिलीत तर गाळ पाइपात शिरतो, हवा अडकते आणि नवं तेल भरल्यावरही बॉयलर पेटत नाही. मग तंत्रज्ञाची वाट बघत थंड घरात बसायचं. बर्फ पडल्यावर सगळा जिल्हा एकाच वेळी तेल मागवतो आणि टँकरला दिवस लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकी भरून घ्या. शिवाय शेजाऱ्यांना विचारा की गावात तेलाची सामुदायिक खरेदी होते का. पुष्कळ गावांत एकजण सगळ्यांची मागणी गोळा करतो आणि कंपनीशी एकच भाव ठरवतो. त्या यादीत नाव घालणं ही गावाशी ओळखीचीही छान सुरुवात असते.

दुसरा प्रश्न: सांडपाणी कुठे जातं? गावाबाहेरच्या घरांना सार्वजनिक गटार नसतं, सेप्टिक टँक असतो. तो ठराविक काळाने उपसावा लागतो. खर्च कुणाचा हे करारात लिहून घ्या. तळणीचं उरलेलं तेल, तुपाची खरवड, ओले वाइप्स ह्यांतलं काहीही मोरीत जाता कामा नये. आपल्या स्वयंपाकघरातून तेल-तूप जरा जास्तच जातं, म्हणून सिंकशेजारी एक रिकामी बरणी ठेवा आणि ते थंड करून कचऱ्यात टाका. घर विकत घेत असाल तर वकिलाला हेही विचारायला सांगा की सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात तर जात नाही ना. 1 जानेवारी 2020पासून त्याला मनाई आहे.

तिसरा प्रश्न ओलीचा. जुन्या घरांच्या भिंती जाड आणि खिडक्या एकेरी काचेच्या असतात. आपला स्वयंपाक म्हणजे दिवसभर वाफ: भात, वरण, कुकर, चहा. त्यात कपडे रेडिएटरवर वाळत घातले की महिन्याभरात कपाटामागे काळी बुरशी धरते. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर घराबाहेर फेकतो की गाळून पुन्हा खोलीतच सोडतो ते चालू करून बघा. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, घ्याच. घराचं ऊर्जा प्रमाणपत्रही मागा: ए ते जी अशी श्रेणी असते, आणि भाड्याच्या घराला, काही अपवाद सोडले तर, किमान ई लागते.

घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल तर त्यात परवानगीशिवाय खिडकी बदलणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. भाडेकरूने तर डिश लावण्याआधी किंवा भिंतीला भोक पाडण्याआधी लेखी विचारावं.

इंटरनेटचा वेग त्या नेमक्या पत्त्यासाठी तपासा, गावासाठी नव्हे. एकाच रस्त्यावर दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेंज नसेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा.

पायरी 3: पहिल्या पंधरवड्यातली कागदपत्रं

दवाखान्यात नाव नोंदवणं सगळ्यात आधी. जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नोंदणीसाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही, हे लक्षात असू द्या; कागद नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं तर शांतपणे हेच सांगा. जवळचं औषधांचं दुकान 1.6 किलोमीटरहून लांब असेल तर गावातल्या काही दवाखान्यांतूनच औषधं मिळतात, त्याचीही विचारणा तेव्हाच करा. नेहमीची औषधं संपायच्या आठवडाभर आधी मागवा. घसा, कान, लघवीचा साधा संसर्ग अशा ठरावीक तक्रारींवर आता औषधविक्रेताच औषध देऊ शकतो, जीपीची वेळ मिळेपर्यंत थांबायला नको. रात्री-अपरात्री शंका आली तर 111, जिवावरचं असेल तर 999. सरकारी दरातला दंतवैद्य मिळणं मात्र फार अवघड आहे. भारतातून निघण्याआधी दातांची कामं उरकून या, हे मी अगदी कळकळीने सांगते.

गावातल्या जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये आता पुष्कळदा हृदय बंद पडल्यावर वापरायचं डीफिब्रिलेटर असतं. ते कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. पेटीला कुलूप असेल तर 999वर कोड सांगतात. रुग्णवाहिकेला शहरापेक्षा वेळ लागतो, त्यामुळे ही माहिती इथे खरोखर जीव वाचवते.

पत्त्याची एक अडचण इथे खास आहे. पुष्कळ घरांना नंबर नसतो, फक्त नाव असतं, आणि एक पिनकोड अर्धा मैल पसरलेला असतो. दारावरची पाटी रस्त्यावरून वाचता येते का बघा, नसेल तर नवी लावा. व्हॉट थ्री वर्ड्स हे ॲप प्रत्येक जागेला तीन शब्दांचा पत्ता देतं; त्यातले आपल्या दाराचे तीन शब्द फ्रिजवर चिकटवून ठेवा; रुग्णवाहिकेला ते सांगता येतात.

कौन्सिल तीन थरांची असते: काउन्टी, डिस्ट्रिक्ट आणि गावाची पॅरिश कौन्सिल. बरी शहर वेस्ट सफोक डिस्ट्रिक्टमध्ये येतं, पण पूर्वेकडची थर्स्टन-एल्म्सवेल ही गावं मिड सफोकमध्ये. कचरा आणि कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) डिस्ट्रिक्टकडे, रस्ते आणि शाळा काउन्टीकडे. कौन्सिल टॅक्सची श्रेणी अजूनही 1 एप्रिल 1991च्या घराच्या किमतीवरून ठरते. घरात एकच प्रौढ राहत असेल तर 25 टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी कुठले बाहेर ठेवायचे त्याचं कॅलेंडर डिस्ट्रिक्टच्या साइटवर पिनकोड टाकून मिळतं. डबे आदल्या रात्री ठेवा, आणि गाडी गेल्यावर आत घ्या. दिवसभर रस्त्यावर राहिलेला डबा गावात लक्षात ठेवला जातो.

आणि एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते: राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना इथे मतदान करता येतं, पॅरिशपासून संसदेपर्यंत. ऑनलाइन नाव नोंदवायला पाच-दहा मिनिटं लागतात. मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी जरूर करा. ज्या गावचा कर भरता त्या गावच्या रस्त्याबद्दल आणि शाळेबद्दल बोलण्याचा तो तुमचा हक्क आहे.

पायरी 4: पाणी, डाळ आणि किराणा

ह्या भागातलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं आणि चांगलंच जड असतं. केटलीत पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं बुजतात, ते व्हिनेगरने काढता येतं. पण खरा फरक कळतो तो हरभरा किंवा राजमा शिजवताना. जड पाण्यात कडधान्य लवकर मऊ होत नाही. गाळणीच्या जगमधलं पाणी वापरा, जास्त वेळ भिजवा आणि कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवा. तुरीच्या डाळीलाही हेच लागू.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवू नका. खिडकी उघडा, पंखा चालू करा आणि मोहरी टाकण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्या.

आठवड्याची भाजी-दूध मोठी सुपरमार्केटं घरपोच देतात. बरीला बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तिथे फळं-भाज्या ताज्या असतात. आपलं सामान, म्हणजे ज्वारीचं पीठ, पोहे, कढीपत्ता, गूळ, ह्यासाठी केंब्रिजची मिल रोड किंवा इप्सविच गाठावं लागतं. महिन्यातून एक फेरी ठरवून टाका. फ्रीजर मोठा घ्या: किसलेलं खोबरं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, आलं-लसणाचं वाटण सगळं उत्तम टिकतं.

रस्त्याकडेला लहानशा कपाटात अंडी, बटाटे, मध ठेवलेला दिसेल, शेजारी पैशांचा डबा. विक्रेता नसतो. भाव लिहिलेला असतो तेवढे पैसे टाकायचे आणि वस्तू उचलायची. त्यासाठी गाडीत एक-दोन पौंडांची नाणी ठेवा. त्या अंड्यांची चव सुपरमार्केटच्या अंड्यांना नाही.

पायरी 5: गाडी आणि अरुंद रस्ते

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही. तात्पुरतं लायसन्स, लेखी चाचणी आणि रस्त्यावरची चाचणी ह्या तिन्ही पायऱ्या कराव्याच लागतात. चाचणीच्या तारखांना महिनोन्‌महिने लागतात, म्हणून आल्या आल्या तात्पुरत्या लायसन्ससाठी अर्ज करा. जोडीदाराचाही त्याच दिवशी करा. गावात गाडी चालवता न येणं म्हणजे डॉक्टर, दुकान, मैत्रीण सगळ्यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणं.

गावाची हद्द संपली की काळ्या तिरप्या पट्टीची पांढरी गोल पाटी लागते. दुपदरी साध्या रस्त्यावर तिचा अर्थ ताशी 60 मैलांची मर्यादा. पण झुडपांच्या दोन भिंतींमधून वळत जाणाऱ्या एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावरही हीच पाटी असते, आणि तिथे 60ने जाणं म्हणजे समोरच्या ट्रॅक्टरवर आदळणं. दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

अशा एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की कुणी मागे जायचं? मोकळी जागा ज्याच्या जवळ असेल त्याने. ती डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, म्हणजे समोरचा तिच्यात शिरेल. वाट देणाऱ्याला हात करायचा, आणि तुम्ही वाट दिलीत तरीही करायचा. स्टिअरिंगवरून उचललेली दोन बोटं पुरतात. चार महिन्यांनी हीच माणसं तुम्हाला तुमच्या गाडीवरून ओळखू लागतात.

घोडा दिसला तर इंजिनाचा आवाज न वाढवता, हॉर्न न देता ताशी 10 मैलांच्या आत या आणि किमान 2 मीटर अंतर ठेवून जा. स्वार हात वर करील, तर पूर्ण थांबा. शरदात आणि हिवाळ्यात पहाटे-संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच. सप्टेंबरपासून थंडी संपेपर्यंत बरीच्या साखर कारखान्याकडे बीट वाहणारे ट्रक आणि ट्रॅक्टर असतात, रस्त्यावर चिखल सांडतो आणि तो ओला झाला की गाडी घसरते.

पायी जाताना पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. चमकणारं जॅकेट आणि टॉर्च दाराशीच अडकवून ठेवा.

पायरी 6: हिवाळ्याची तयारी

डिसेंबरच्या शेवटी इथे सकाळी आठला उजाडतं आणि पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडीपेक्षा हा अंधार आपल्या माणसांना जास्त खचवतो. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा, पाऊस असला तरी. सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असा इथला सरकारी सल्ला आहे. तो मनावर घ्या.

वादळात झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते. 105 ह्या फुकट नंबरावर कळवायचं. बॉयलर केरोसीनवर असला तरी त्याचा पंप विजेवर असतो, म्हणजे वीज गेली की घर थंड. टॉर्च, पॉवर बँक, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, दोन दिवसांचं शिधासामान एका कपाटात ठेवा. लँडलाइन आता इंटरनेटवरून चालू लागल्या आहेत, तोही फोन वीज गेली की बंद. घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर आई-वडील असतील तर वीज कंपनीच्या प्राधान्य यादीत नाव नोंदवा. ती सोय मोफत आहे.

नाताळच्या दिवशी रेल्वे नसते, मोठी दुकानं बंद असतात. 23 तारखेपर्यंत दूध, औषधं आणि पेट्रोल भरून ठेवा.

पायरी 7: शाळा

मूल चार वर्षांचं झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शन हा शाळेचा पहिला वर्ग सुरू होतो. प्राथमिकच्या अर्जाची शेवटची तारीख 15 जानेवारी, माध्यमिकची 31 ऑक्टोबर. मधेच आलात तर काउन्टी किंवा थेट शाळेला विचारा. गावची शाळा लहान असते, दोन इयत्ता एका वर्गात बसतात. त्याची काळजी करू नका, शिक्षक प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात. एक सावधगिरी: मोफत बस फक्त सर्वांत जवळच्या योग्य शाळेसाठी मिळते, तीही आठ वर्षांखालच्या मुलांना 2 मैलांहून आणि मोठ्यांना 3 मैलांहून लांब असेल तर. आवडलेली दुसरी शाळा निवडलीत तर रोजची ने-आण तुमच्याकडे.

पायरी 8: माणसं

इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण बाकीचं सगळं इंटरनेटवर सापडतं.

आल्यावर पहिले काही आठवडे वाटतं की गावाला आपण नको आहोत. कुणी दार वाजवत नाही, कुणी चौकशी करत नाही. रस्त्यात भेटलं की हसून हवेबद्दल दोन वाक्यं आणि पुढे. ही तुसडेपणाची खूण नाही. दुसऱ्याच्या घरगुती गोष्टींत न बोलावता शिरू नये, ही इथली सभ्यता आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ते लांब असतात. त्यामुळे पहिलं पाऊल तुम्ही टाका: आल्यावर आठवड्याभरात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी दुपारी जा, नाव सांगा, फोन नंबर कागदावर लिहून द्या आणि पाच मिनिटांत निघा. मिठाई न्यायची तर थोडीच, आणि त्यात सुकामेवा आहे हे आधी सांगा.

ओळख मात्र गप्पांतून फारशी वाढत नाही, बरोबर केलेल्या कामातून वाढते. गावच्या हॉलमधली कॉफी मॉर्निंग घ्या. दारावर किंवा पॅरिशच्या मासिकात वेळ लिहिलेली असते. आत गेलं की टेबलाशी बसलेल्या बाईंकडे पौंड-दोन पौंड द्यायचे, कप घ्यायचा, केकचा तुकडा उचलायचा, आणि जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे "इथे कुणी बसलंय का?" विचारून बसायचं. बाग, कुत्रा, हवा, रस्त्यावरचा खड्डा हे विषय चालतात. पगार, वय, लग्न का नाही, मूल का नाही हे चालत नाहीत. अकरा-साडेअकराला लोक उठायला लागले की तुम्ही जाऊ नका. खुर्च्या एकावर एक रचायला लागा, स्वयंपाकघरात जाऊन कपबशा पुसायला घ्या. तिथे, ओला पंचा हातात असताना, जे बोलणं होतं ते टेबलावर झालेलं नसतं. पुढच्या महिन्यात भिंतीवरच्या पाळ्यांच्या यादीत तुमचं नाव लिहिलं जातं, आणि तिथून पुढे तुम्ही नवे राहत नाही.

चर्चचा हॉल, हंगामाच्या शेवटचं सामुदायिक जेवण, 5 नोव्हेंबरची शेकोटी, उन्हाळ्यातली जत्रा, ह्यांत भाग घ्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही. नोव्हेंबरमधल्या रिमेंब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, गावच्या युद्धस्मारकापाशी जरूर उभे राहा. दोन मिनिटांची शांतता असते. भारतीय सैनिकही दोन्ही महायुद्धांत लाखोंच्या संख्येने लढले, आपलं तिथे उभं राहणं अगदी योग्य आहे.

आमंत्रणांचं: "या हं कधीतरी चहाला" ह्याला तारीख जोडलेली नसेल तर ते नुसतं सौजन्य. तारीख आणि वेळ मिळाली तर वेळेवर जा. दहा मिनिटं आधी तर मुळीच नको. फुलं किंवा बिस्किटं न्या, दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवा. तुमच्याकडे बोलावलंत तर आहाराचं पथ्य आधी विचारा, तिखट वेगळं ठेवा, आणि एकदा "नको" म्हटलं की पुन्हा वाढू नका. आपला आग्रह त्यांना अवघड होतो. सत्तरीच्या शेजाऱ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारायची असते. जीभ अडखळते, पण तसंच करा. त्यांनाही तेच आवडतं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून दारातून नाताळची कार्डं येऊ लागतात. एक पुडकं आणून ठेवा आणि ज्यांचं येईल त्यांना पाठवा.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न पुष्कळदा येईल. बहुतेक वेळा ती साधी उत्सुकता असते. पण कुणी मुद्दाम अपमान केला तर तो गिळून टाकू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलिसांना 101वर कळवा, शाळेत घडलं असेल तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटा. शांत गाव म्हणून ह्या गोष्टी सहन करायच्या असं काही नाही.

जोडीदार घरी असेल तर त्याच्या किंवा तिच्या आठवड्यात निदान एक ठरलेली बाहेरची गोष्ट पहिल्याच महिन्यात घाला: धर्मादाय दुकानात पाळी, वाचनालय, शाळेत मुलांचं वाचन ऐकणं, चालणाऱ्यांचा गट. नोकरी करणाऱ्याला ऑफिसात माणसं भेटतात. घरी असलेल्याला खिडकीतून फक्त शेत दिसतं. कित्येक कुटुंबं गाव सोडतात ती ह्यामुळे, थंडीमुळे नाही. आपल्या माणसांसाठी लंडनला 1932पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीला, दिवाळीला तिकडे एक फेरी होऊ शकते. घरचा गणपती शाडूचा आणा आणि विसर्जन बादलीत करा. गावचं तळं किंवा ओढा त्यासाठी वापरू नका.

पायरी 9: शेतं, पायवाटा, आवाज

खासगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा ही इथली मोठी श्रीमंती आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही. ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनाचा 1:25,000चा नकाशा घ्या, त्यात प्रत्येक वाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. नांगरटीत वाट पुसली गेली तरी हक्क जात नाही. शेतकऱ्याने ती साधारण 14 दिवसांत पुन्हा करून द्यायची असते. फाटक जसं दिसलं तसंच सोडा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरू असलेल्या गाईंपासून लांबून जा. गवतातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा, थेटफर्डच्या जंगलातून आल्यावर तर नक्की. चावल्यानंतर काही दिवसांनी गोल पसरणारा लाल चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरकडे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणावरची काळी बोरं, म्हणजे ब्लॅकबेरी, घरापुरती तोडायला हरकत नसते. अळंबी मात्र जाणकाराशिवाय मुळीच नको.

शांतता म्हणजे निःशब्दता समजू नका. लेकनहीथच्या हवाई तळावरून अमेरिकी लढाऊ विमानं डोक्यावरून जातात, पाखरं उडवायच्या गॅसच्या तोफा शेतात दणदणतात, कापणीच्या दिवसांत यंत्रं मध्यरात्रीपर्यंत चालतात, रविवारी चर्चच्या घंटा. शेणखत पसरलं की दोन-तीन दिवस खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. हे सगळं तुमच्या आधीपासून इथे आहे. त्याबद्दल तक्रार करणारा नवा रहिवासी कुणालाच आवडत नाही.

पायरी 10: ग्रामसभा आणि जमिनीचा तुकडा

दरवर्षी 1 मार्च ते 1 जून ह्या काळात गावची वार्षिक सभा भरते. ती आपल्याकडच्या ग्रामसभेसारखी: मतदार यादीत नाव असलेल्या कुणालाही बोलता येतं. एरवीच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकांनाही जाऊन ऐकता येतं. पहिल्या वर्षी नुसतं ऐका. कोण काय बघतं, पूर कुठे येतो, नवी घरं कुठे होणार, सगळं दोन तासांत कळतं.

तिथेच पॅरिश कौन्सिलच्या क्लार्कला अलॉटमेंटबद्दल विचारा. भाजी लावायला गावातर्फे नाममात्र भाड्याने मिळणारा हा जमिनीचा तुकडा. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा असतो, सुरुवातीला अर्धा मागा. यादी लांब असते, म्हणून नाव लगेच द्या. शेजारच्या वाफ्यावरचे आजोबा बोलावं लागण्याआधीच बी आणि सल्ला देतात, आणि जुलैत कोबीच्या बदल्यात तुमची मेथी मागतात. मेथी एप्रिलपासून पेरता येते आणि झकास येते. कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलावर जाते, तिला थोडी सावली द्या आणि दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. मिरची-टोमॅटोची रोपं खिडकीत वाढवा, मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव पडू शकतं. त्यानंतरच बाहेर लावा.